रैनीबाईला विचारल्याशिवाय

पोलीस मदत केंद्र, जि. गडचिरोली
१२ जानेवारी २०२५

आदरणीय आत्या,
जयभीम.

पोचलास की फोन कर, असं तू बजावलं होतंस. इथे रेंजच नाही. फोन खिशात आहे, पण तो फक्त वेळ बघायला. टॉवरला अजून तीन-चार महिने लागतील, तोवर पत्रच. टपाल तालुक्यापर्यंत येतं आणि पुढे आमची गस्तीची तुकडी ते चालत घेऊन येते. तेव्हा उत्तराला उशीर झाला तर विष्णुपुरीहून गाडी करून निघू नकोस.

आत्या, मी अजून डोळे विस्फारून बसलोय. हे केंद्र एका दिवसात उभं राहिलं. सकाळी इथे नुसतं रान होतं. मग हजारभर माणसं, जेसीबी, ट्रक, सगळे जंगलातून वाट काढत आले आणि दिवस मावळायच्या आत तंबू, तारेचं कुंपण, वाळूच्या गोण्यांची भिंत, पाण्याची टाकी, जनरेटर, सगळं जागेवर! जिथे कित्येक वर्षांत सरकारी माणूस फिरकला नव्हता, तिथे बिलोलीचा सब-इन्स्पेक्टर आनंदराज स्टीलच्या पेल्यातून चहा पीत बसला होता. मला स्वतःलाच चिमटा काढून बघावासा वाटला.

पण खरी गंमत कुंपणाजवळच्या खिडकीत आहे. आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचं खातं, बियाणं, म्हाताऱ्यांची पेन्शन, सगळं त्या एका खिडकीतून होतं, आणि खिडकीच्या आत बसतो पोलीस. पहिला आठवडा कुत्रंही फिरकलं नाही. मग एक म्हातारा तापानं फणफणलेल्या सुनेला घेऊन आला. तिला सलाईन लावलं, ती उठून बसली. दुसऱ्या दिवशी दारात सतरा माणसं. आपल्याकडे पोलीस ठाण्यावरून जायचं तर लोक वाट वाकडी करतात, आणि इथे बायका रांग लावून उभ्या राहतात.

नदीपलीकडे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तशी ताकीद आहे. पावसाळ्याचे चार महिने ते गाव जगापासून तुटतं. गेल्या वर्षी एक बाळंतीण नदी ओलांडता आली नाही म्हणून गेली. तिथे पूल मंजूर होतोय, पण त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. तो मार्चअखेर वर पोचला नाही तर पूल दुसऱ्या गावाला जाईल. ठराव आणायचं काम माझ्याकडे. महिन्याभरात करतो की नाही बघ.

इथे सगळं शांत आहे. जेवणही बरं आहे.

तुझा,
आनंद


विष्णुपुरी, नांदेड
२४ जानेवारी २०२५

प्रिय आनंद,
जयभीम आणि आशीर्वाद.

"सगळं शांत आहे" हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं. शेजारच्या शिवकांताबाई पेपर घेऊन आल्या होत्या. तुमच्याच भागात नदीकडच्या वाटेवर भूसुरुंग सापडला, पोलिसांनी निकामी केला. तारीख अकरा जानेवारी. तुझं पत्र बारा तारखेचं. अरे, मी छत्तीस वर्षं नर्स होते. पेशंट "बरं वाटतंय" म्हणाला की मी आधी त्याची नाडी धरायची. पुढच्या पत्रात खरं लिही, नाहीतर मी खरोखर गाडी करीन.

एका दिवसात केंद्र उभं राहिल्याचं वाचून मात्र मी थक्क झाले. शिवकांताबाई जळकोटच्या त्यांच्या बहिणीला फोनवर असं काही सांगत होत्या, की ऐकणाऱ्याला वाटावं सगळ्या गोण्या तूच उचलल्यास. त्यांनी कारळाची चटणी दिली आहे, सोबत पाठवते. एकटा खाऊ नकोस.

आता तुझ्या "महिन्याभरात करतो"बद्दल. जळकोटला उपकेंद्रात असताना मीही असंच म्हणाले होते. एका तांड्यावर लस द्यायची होती. घरोघर सगळे "हाव बाई, हाव बाई" करायचे आणि सुईच्या दिवशी तांडा रिकामा. दोन महिने असे गेले. शेवटी कळलं, तांड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी तिच्या चुलीशी जाऊन बसले, तिनं मला अर्धा तास नुसतं न्याहाळलं आणि म्हणाली, "आता आलीस व्हय?" त्या आठवड्यात सगळ्या पोरांना लस झाली. तेव्हा सभेत कोण मान डोलावतंय तिकडे फार बघू नकोस, गप्प कोण बसलंय ते बघ. घाई तुझ्या रक्तातच आहे, म्हणून सांगते.

आत्या


पोलीस मदत केंद्र
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आत्या,
जयभीम.

पकडलंस. भूसुरुंग आमच्याच वाटेवर होता. माझ्या पुढे मडावी चालत होता, आमचा इथलाच शिपाई. त्यानं माती वेगळी दिसली म्हणून हात वर केला. आणखी चार पावलं टाकली असती तर शिवकांताबाईंनी तुला वेगळी बातमी वाचून दाखवली असती. झालं खरं लिहून. चटणी दोन दिवसांत संपली.

आता ठराव. सभा दोनदा झाली. मोहाच्या झाडाखाली सगळं गाव बसतं, बायकासुद्धा. गावाचा पुजारी असतो, त्याला गायता म्हणतात. तो चैतू वड्डे, तोच सभा चालवतो. एकेकापुढे जाऊन बसतो आणि विचारतो, तुझं काय? माणूस बोलेपर्यंत तो हलत नाही. एक म्हातारा तर तासभर आपल्या हरवलेल्या बैलाबद्दल बोलला आणि मग "हो" म्हणाला. त्याला कुणी मध्येच थांबवलं नाही. मला घाम फुटला होता.

त्र्याऐंशी माणसं हो म्हणाली. एक रैनी पुंगाटी नावाची बाई नाही म्हणाली. तिची मुलगी जुरी अकरा वर्षांपूर्वी नक्षल्यांच्या दलमबरोबर, म्हणजे त्यांच्या टोळीबरोबर, जंगलात गेली, ती अजून तिकडेच आहे. रैनीबाईचं म्हणणं, "पूल झाला की तुमच्या गाड्या येतील. गाड्यांतून बंदुका येतील. माझी पोर मरंल." मी समजावलं, मडावीनं तिच्या भाषेत समजावलं. ती नाहीच म्हणाली. झालं, सगळं गाव उठून घरी गेलं! आठवड्यानं पुन्हा सभा, पुन्हा तेच. एका बाईसाठी त्र्याऐंशी माणसं दोनदा रिकाम्या हातानं उठली, आणि कुणी तिच्यावर साधं डाफरलंसुद्धा नाही.

आता वाट बघत बसलो तर पावसाळा येईल आणि आणखी एखादी बाळंतीण जाईल. म्हणून मी मार्ग काढला. त्या गावची माणसं खिडकीत येतातच. बियाणं देताना ठराव समजावून सांगितला आणि त्यावर अंगठे घेतले. एकावन्न झाले. "बहुमताने मंजूर" लिहून कागद तालुक्याला रवाना केला. साहेबांनी वायरलेसवर शाबासकी दिली. तुला कळवावं म्हटलं.

तुझा,
आनंद


विष्णुपुरी, नांदेड
२० फेब्रुवारी २०२५

आनंद,

तुझं पत्र आल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. राग आला आहे आणि तो लपवणार नाही.

तुला लहानपणापासून आम्ही सांगत आलो, की तुझे आजोबा कामासाठी बिलोलीला आले. ते खोटं आहे. आम्हाला गाव सोडावं लागलं. नामांतराचं आंदोलन पेटलं होतं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आपल्या वस्तीत बाबांनी एक वाचनालय चालवलं होतं, त्यावर बाबासाहेबांच्या नावाची पाटी होती. गावानं देवळासमोर सभा घेतली. पाटी उतरवा, नाहीतर ग्यानोबानं, म्हणजे आपल्या बाबांनी, गाव सोडावं, असं ठरलं. हात वर करायला सांगितले. सगळे हात वर. बाबा मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, "मी बी ह्याच गावचा हाय. मला कुणी इचारलंच न्हाई." कुणी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मग जीपमधून पोलीस आले. बाबांना वाटलं, आता कुणीतरी ऐकून घेईल. साहेबांनी पाटलाच्या ओट्यावर बसून चहा घेतला आणि कागद लिहिला. घरात मलाच नीट वाचता येत होतं, म्हणून बाबांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं, "ठराव बहुमताने झाला. गावात शांतता आहे." बाबांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही बैलगाडी भरली.

तू फौजदार झालास तेव्हा मी विष्णुपुरीभर पेढे वाटले. मनात म्हणाले, आता असा कागद लिहिणाऱ्याच्या खुर्चीवर आपला माणूस बसला. आणि तू तोच कागद लिहिलास रे. तोही बियाणं हातात ठेवून. ज्याला बियाणं हवंय तो अंगठा नको कसा म्हणेल?

पूल व्हायला हवा. बाळंतीण मेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, मला शिकवू नकोस. पण तो कागद परत आण.

पंचशीला


पोलीस मदत केंद्र
८ मार्च २०२५

आदरणीय आत्या,

तुझं पत्र मी एकदाच वाचू शकलो.

तू लिहायच्या आधीच मला शिक्षा मिळाली होती, फक्त ती कशाची हे कळत नव्हतं. अंगठे घेतल्यापासून खिडकीत कुणी आलं नव्हतं. रोज सकाळी आम्ही ती उघडायचो, दाखल्यांचा गठ्ठा मांडून बसायचो आणि संध्याकाळी बंद करायचो. पलीकडच्या गावाचं सोड, अलीकडचीही सगळी गावं बंद. मडावीला विचारलं तर तो जमिनीकडे बघायचा.

मी तालुक्याला गेलो आणि कागद परत मागितला. तिथले कारकून माझ्याकडे बघून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि सांगितलं, "घेऊन जा. आणि पुन्हा असं काम करायचं नाही." तिसऱ्या सभेत मी उभा राहून चूक कबूल केली आणि कागद सगळ्यांसमोर फाडला. गायत्यानं तुकडे गोळा केले आणि शेकोटीत टाकले.

त्यानंतर रैनीबाई पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बोलली. मडावीनं सांगितलं ते असं: "हे 'नाही' माझ्या एकटीचं नाही. जुरी पण या गावची आहे. तिला कोणी विचारलं? ती इथं जन्मली, तिची नाळ इथं पुरली आहे. तिला विचारल्याशिवाय मी हो म्हणत नाही." मी गायत्याकडे बघितलं. तो शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे. ती गावाच्या यादीत आहे."

आत्या, मी दोन महिने समजत होतो की गाव रैनीबाईसाठी अडून बसलंय. ते जुरीसाठी अडून बसलं होतं. अकरा वर्षं जंगलात असलेल्या, सरकारच्या नोंदीत फरार असलेल्या मुलीला गावानं अजून वगळलेलं नाही.

आता पुढचं ऐक. रैनीबाई उद्या जंगलात जाणार आहे, मुलीला शोधायला आणि पुलाचं विचारायला. हे तिनं मला, पोलिसाला, सगळ्यांसमोर सांगितलं. तिच्यामागे दोन माणसं सोडली तर आम्ही थेट दलमपर्यंत पोचू. माझं काम तेच आहे. जुरीवर गुन्हे आहेत. ज्यांनी आमच्या वाटेवर सुरुंग पेरला, ती त्यांच्यातलीच. साहेब म्हणतात, "तू जागेवर आहेस, तूच ठरव. पण उद्या आपला एखादा जवान गेला तर त्याच्या आईला तोंड तू द्यायचंस." तुझं उत्तर येईपर्यंत ती निघून गेलेली असेल. तरी विचारतोय.

आनंद


विष्णुपुरी, नांदेड
१७ मार्च २०२५

प्रिय आनंद,

मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. एकात लिहिलं होतं, तिच्यामागे माणसं पाठव, कारण मला तू जिवंत हवा आहेस. दुसऱ्यात लिहिलं होतं, पाठवू नकोस. दोन्ही खरी होती.

त्या बाईनं तुला तोंडावर सांगितलं, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि उगाच अंगणात जाऊन उभी राहिले. एवढा धीर कुठून येतो माणसात? पोलिसावर विश्वास ठेवून एक आई पोटची पोर उघड्यावर ठेवते!

जे ठरवलं असशील ते मला खरं कळव. मागच्या वेळी रागानं नुसतं नाव लिहिलं होतं, ते मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी आत्या


पोलीस मदत केंद्र
३१ मार्च २०२५

आदरणीय आत्या,

मी कुणाला पाठवलं नाही.

ती नऊ तारखेला सकाळी गेली. हातात काठी, फडक्यात तांदूळ. आत्मसमर्पण केलेल्यांना सरकार काय देतं, घर, काम, शिक्षण, त्याचा छापील कागद मी तिला देऊ केला. तिनं घेतला नाही. "मी तोंडानं सांगंन," म्हणाली. आज बावीस दिवस झाले.

परवा हद्दीपलीकडे मोठी चकमक झाली. चार बायकांची ओळख पटली नाही म्हणून फोटो आले. ते बघायचं काम माझ्याकडे होतं. पहिला फोटो उलटा करून तसाच धरून बसलो, मग मडावीनं तो माझ्या हातातून घेतला. चौघींत रैनीबाई नव्हती. जुरीचं सांगता येत नाही, कारण तिचा आमच्याकडचा फोटो सतरा वर्षांच्या मुलीचा आहे.

मार्च संपला. साहेबांनी वर भांडून पुलासाठी एक महिना मागून घेतला. खिडकीत आता पाच-सहा जण येऊ लागलेत. आले की आधी विचारतात, रैनीबाई आली का? मी अजून नाही म्हणतो. मी चुकलो असेन, तर ती चूक म्हातारीच्या जिवावर बेतली.

आनंद


विष्णुपुरी, नांदेड
९ एप्रिल २०२५

प्रिय आनंद,

धीर देणारं काही लिहावं म्हणून बसले होते. सुचत नाही. ड्युटीवर असताना ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या नातेवाइकांना मी कधी खोटं सांगितलं नाही, फक्त त्यांच्या शेजारी बसायचे. हे पत्र तसंच समज.

तुझी आत्या


पोलीस मदत केंद्र
२१ एप्रिल २०२५

आदरणीय आत्या,
जयभीम.

आधी मुख्य ते सांगतो. रैनीबाई आली. जुरी आली. दोघी आत्ता माझ्यासमोरच्या तंबूत आहेत आणि भात खातायत. उद्या जुरीला जिल्ह्याला नेऊ. गुन्ह्यांचं कोर्ट बघेल, पुनर्वसनाचं सरकार बघेल, पण ती जिवंत आहे आणि आपल्या पायानं आली आहे.

तीन दिवसांपूर्वी मडावी धावत आला: "साहेब, गावात सभा बसलीय. तुम्हाला बोलावलंय." आम्ही सहा जण नदी ओलांडून गेलो. बाकीचे गावाबाहेर थांबले, मी आणि मडावी आत गेलो. मोहाखाली सगळं गाव बसलेलं. रैनीबाई वाळून काडी झाली होती, पायांना चिंध्या बांधलेल्या. तिच्या शेजारी एक बाई, केसांना ताजं तेल लावलेलं. मी ओळखलं नाही. मडावीनं ओळखलं, 'जुरी' म्हणाला.

इथे दुसऱ्याचं मत कुणी आणून सांगत नाही. ज्याचं त्यानं येऊन, बसून सांगायचं. म्हणून ती आली होती. शरण यायला नव्हे, आत्या. अकरा वर्षांनी, मरणाच्या वाटेनं, पुलाबद्दलचं आपलं मत सांगायला ती सभेला आली होती! शरण जायचं काय ते तिनं सभेनंतर ठरवलं.

गायता एकेकाला विचारत तिच्यापुढे आला. ती त्याच्याशी बोलली नाही. माझ्या कमरेकडे बघून काहीतरी म्हणाली. मी मडावीला म्हटलं, सांग. तो म्हणाला, "साहेब, ती म्हणते, सभेत हत्यार चालत नाही. तिनं तिचं टेकडीमागे ठेवलंय."

मी गायत्याला विचारलं, असा नियम आहे का? आहे म्हणाला. मग तीन सभांमध्ये मला कुणी सांगितलं का नाही? त्यावर तो म्हातारा जे बोलला ते मडावीनं हळूच सांगितलं: "हत्यारवाल्याला कोण सांगणार? दलमवाले आले तेव्हा त्यांनाही नाही सांगितलं. तुम्ही आलात, तुम्हालाही नाही."

आत्या, खरं लिहायचं कबूल केलंय म्हणून लिहितो, मला भीती वाटली. समोर दलमची बाई, पाठीमागे जंगल. तिनं तिचं हत्यार खरंच टेकडीमागे ठेवलंय, याला पुरावा काय? मग रैनीबाईच्या पायांच्या चिंध्या दिसल्या. तिनं माझ्याकडे तरी कुठे पुरावा मागितला होता? मी पिस्तूल काढून मडावीला दिलं. तो ते आणि आपली बंदूक बाहेर ठेवून आला आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसला.

गायता उठला आणि पहिल्या माणसापुढे जाऊन बसला. सगळं पुन्हा पहिल्यापासून! आधीचं काहीच मोजलं नव्हतं. बैल हरवलेला म्हातारा पुन्हा बैलाबद्दल बोलला. मी त्याचा शब्द न् शब्द ऐकला. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. जुरी म्हणाली, "पूल होऊ द्या. पण त्याच्यावरून पहिली गाडी दवाखान्याची जाईल, तुमची मागून." मी मान्य केलं. मग रैनीबाईला विचारलं. तिनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि "हो" म्हणाली. इतक्या हळू, की गायत्यानं कान पुढे केला.

मला वाटलं संपलं. मी उठायला लागलो. तेवढ्यात गायता सरकत सरकत माझ्यापुढे येऊन बसला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी मडावीकडे पाहिलं. तो म्हणाला, "साहेब, तुमचं विचारतोय." मी म्हटलं, माझं काय, मी पोलीस, मी बाहेरगावचा. मडावी म्हणाला, "आज तुम्ही हत्याराशिवाय सभेत बसलाय. जो बसला त्याला विचारतात, मलाही विचारलं. तुम्ही बोलल्याशिवाय गाव उठत नाही."

पंच्याऐंशी माणसं माझ्यासाठी थांबली होती. कुणाला घाई नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ती थांबून राहिली. आत्या, आपल्या घरातल्या माणसाला गावानं सभेत बसवून विचारलं, तुझं काय? मी "हो" म्हणालो, आणि मग गाव उठलं.

तुझा,
आनंद